तेडागर मोंघीबेन

आमच्या गल्लीत मोंघीबेनला न घाबरणारा माणूस एकच, तो म्हणजे मी. माझ्याकडे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. गुडघा गेला म्हणून समुद्र सुटला, डॉक्टरनं दम दिला म्हणून दारू सुटली आणि बायको देवाघरी गेली. दिवसभर ओट्यावर बसून जाळी सांधतो. बाकी घराघरात झाकण्यासारखं काही ना काही असतंच. सकाळी मोंघीबेनची रांग दारावरून निघाली की ते कुठं सरकवावं, अशी लोकांची तारांबळ उडते.

मोंघीबेन अंगणवाडीत तेडागर आहे. घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, अंगणवाडीत पोचवायची, खाऊची सुखडी वाटायची, भांडी घासायची आणि दुपारी ज्याचं पोर त्याच्या दारात नेऊन सोडायचं, हे तिचं काम. शिकवायला नीमुबेन आहेत. मोंघीनं फक्त ने-आण करायची. पण एवढ्याशा गल्लीतून धक्क्याच्या कडेनं अंगणवाडीपर्यंत जायला तिला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आमच्या बोटी खाडीचं तोंड ओलांडून जातात.

तिला मीच एक दोर दिला होता, जुन्या नांगराचा, गाठी मारून. एका गाठीला एक पोर. सगळ्यात पुढं मोंघी, पदर खोचलेला, तोंडात तपकीर. पोरांना कधी जवळ घेणार नाही, गालगुच्चा घेणार नाही, रडलं तर "झालं का रडून?" एवढंच विचारणार. दर वळणाला थांबायचं आणि दोन प्रश्न विचारायचे. काल नव्हतं असं आज इथं काय आहे? काल होतं ते आज काय नाही?

पोर चुकलं तर बरोबर उत्तर सांगायची नाही. म्हणायची, "परत बघ." पोर परत बघायचं. तरी नाही जमलं तर पुन्हा "परत बघ." मागं कुणाची सायकल अडलेली असो नाहीतर मासळीची हातगाडी, बाई हलायची नाही.

पहिला प्रश्न सोपा. नवं कुलूप, नवी शेळी, गल्लीतल्या लखमनच्या गालावरचा नवा ओरखडा. पोरं टपाटप सांगायची. दुसरा अवघड. जे नाही ते दिसणार कसं? त्यासाठी काल नीट बघितलेलं असावं लागतं. वर्षभरात आमची चार-चार वर्षांची पिल्लं त्यात अशी तयार झाली की लोकांना जगणं मुश्कील झालं. जेनिल नावाचं एक कार्टं आहे, नाकाला कायम शेंबूड, पण डोळे घारीचे. त्यानं एकदा भर गल्लीत लखमनच्या खुराड्यासमोर उभं राहून सांगितलं, "कोंबड्या कमी झाल्या, बाटल्या जास्त झाल्या." आमच्या राज्यात दारूला बंदी. लखमन अंगावर धावून आला.

"मोंघी, ही पोरं आहेत की पोलीस?"

"पोरंच आहेत. पोलीस असते तर एवढ्यात हप्ता मागितला असता. चल रे, पुढं."

लोक कुरकुरायचे, पण पोरं घरी ठेवायचं कुणी नाव काढलं नाही. बर्फाच्या कारखान्यासमोर उतारावर ट्रक उभा असतो. एक दिवस पोरं म्हणाली, चाकामागचा दगड आज नाही. ड्रायव्हरनं आधी शिवी दिली, मग वाकून बघितलं आणि पळत जाऊन दगड आणला. धक्क्यावर वाढणाऱ्या पोराला अक्षर उशिरा आलं तरी चालतं, नजर उशिरा येऊन चालत नाही. नीमुबेनना सुरुवातीला उशिराचा राग यायचा. पण पोरं आत आल्या आल्या बोलायला लागायची, ते ऐकून त्यांनी आपला पहिला धडाच तिथून सुरू केला. येताना काय पाहिलंत, ते सांगा आणि त्याचं चित्र काढा.

मोंघीला हे खूळ कुठून लागलं, ते आमच्या वयाच्या सगळ्यांना माहीत आहे. तिचा नवरा माझ्याच वयाचा खलाशी. लग्नाला वर्ष झालं होतं, ही गरोदर होती आणि तुफानात त्याची बोट बुडाली. दोघं पोहून आले, त्यांनी त्याला बुडताना पाहिलं होतं. पण ही पोटुशी, म्हणून गल्लीनं ठरवलं की सांगायचं नाही. अरबांच्या जहाजानं उचललाय, मस्कतला आहे, येईल, असं जो तो सांगायचा. आमच्यात प्रेत सापडत नाही तोवर बांगड्या फोडत नाहीत, त्यामुळं खोटं खपूनही गेलं. धनी नावाची समोरची शेजारीण हिच्याशी रोज नळावर भांडायची, एक दिवस तीच हिची घागर भरून द्यायला लागली. त्याच संध्याकाळी मोंघी पोट सांभाळत पटेलांच्या ओट्यावर गेली. आमच्या खारव्यांच्या जमातीचा प्रमुख तो पटेल. तिनं एकच विचारलं, "किती जणांना माहीत आहे?"

पटेल पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले. ती घरी आली आणि बांगड्या तिनं स्वतःच फोडल्या. रडताना तिला कुणी पाहिलं नाही. पुढं मुलगा झाला, हरसुख. तिनं मासळी सुकवून, कोळंबी सोलून त्याला वाढवला. तो समुद्रावर जाऊ नये म्हणून जंग जंग पछाडलं आणि तो समुद्रावरच गेला. खारव्याचं पोर दुसरीकडं कुठं जाणार? 'सिकोतर कृपा' नावाच्या बोटीवर तांडेल झाला. त्याला हेतल नावाची बायको आली आणि देवांशी नावाची मुलगी झाली. ही देवु आता मोंघीच्या रांगेत दुसऱ्या गाठीला असते. घरात ती आजीला, म्हणजे मोंघीला, "बा" म्हणते. दोराला हात लावला की मात्र सगळ्यांसारखं "मासी" म्हणायचं, असा मोंघीचा कायदा आहे.

गेल्या हिवाळ्यात संक्रांतीचे पतंग अजून तारांवर लटकत होते, तेव्हा बातमी आली. समुद्रात देशाच्या हद्दीची रेघ मारलेली नसते. मासळी पलीकडं गेली म्हणून जाळं पलीकडं गेलं आणि 'सिकोतर कृपा' माणसांसकट पलीकडच्यांनी धरून नेली. हे आमच्याकडं नवं नाही. कुणी वर्षानं येतो, कुणी चार वर्षांनी. माणूस येतो, बोट येत नाही.

हेतल दोन दिवस अंथरुणावरून उठली नाही. उठली ती गल्लीत दारोदार फिरून हात जोडायला लागली. "देवुला कळू देऊ नका. पप्पा लांबच्या फेरीला गेलेत, एवढंच सांगा. एवढीशी आहे हो. तुरुंग म्हटलं तर रात्रीची झोपणार नाही." गल्लीनं लगेच मान डोलावली. या कामात आमची गल्ली मुरलेली आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून जो तो मूठ झाकायला बसला.

हेतल सगळ्यात शेवटी सासूकडं वळली. माझ्या ओट्यासमोरच हे झालं, मला कान बंद करता येत नाहीत.

"बा, तुमच्या पोरांना तुम्ही काय विचारता ते मला माहीत आहे. काल होतं ते आज काय नाही, हे माझ्या पोरीला विचारू नका."

"रांगेत आहे तर तिला पण विचारीन."

"मग रांगेतून काढते मी तिला. मामाकडं नेऊन ठेवते दीवला. बघा मग नातीचं तोंड कधी दिसतं ते."

मोंघी बराच वेळ तपकिरीची डबी उघडझाप करत राहिली. मुलगा गेलेलाच होता, आता नातही जाणार. शेवटी ती म्हणाली, "पोर तुझी आहे, तू ठरव. मी खोटं बोलणार नाही. खरंही बोलणार नाही. विचारलं तर सांगेन, मम्मीला विचार."

"चालेल."

"मला चालत नाही," मोंघी म्हणाली, "पण चालू दे."

तेव्हापासून देवुसमोर हरसुखचं नाव मोंघीच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. रांग चालत राहिली, प्रश्नही चालत राहिले. देवु इतर पोरांसारखी शेळ्या नि कुलपं सांगायची. हेतल खिडकीतून रांग जाईपर्यंत बघत राहायची आणि मग कोळंबी सोलायला परातीशी बसायची.

उन्हाळा सरला आणि मासेमारी बंद व्हायचे दिवस आले. आमच्याकडं तेव्हा सगळ्या बोटी एकेक करून रेतीवर ओढतात. पन्नास माणसं दोर धरतात, ढोल वाजतो, पोरं किंचाळतात. प्रत्येक बोटीची जागा ठरलेली, बापजाद्यांपासूनची. बोटी उभ्या राहत गेल्या तशी 'सिकोतर कृपा'ची जागा मोकळी दिसायला लागली, पुढचा दात पडल्यासारखी. अंगणवाडीचा रस्ता नेमका तिथूनच जातो. देवुनं एक दिवस घरी विचारलं, "मम्मी, आपली बोट कधी ओढणार?"

हेतल पटेलांकडं धावली. पटेलांनी चार शहाणी माणसं बोलावली. शहाणी माणसं जमली की वेडेपणा ठरलेलाच. कुणीतरी म्हणालं, देवजीची जुनी बोट खाडीत पडून आहे, लांबीरुंदीला तेवढीच, ती तिथंच 'सिकोतर कृपा'सारखी रंगवू आणि रातोरात ओढून त्या जागी उभी करू. मग सांगू, पप्पा बोट ठेवून घाईनं मंगळूरला कामाला गेले. हे सगळ्यांना पटलं. मोंघी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "बोट बनवाल. बाप कुठून बनवाल?"

पटेल म्हणाले, "एकेक करून बघू ना, मोंघीबेन."

रंगवायचं काम माझ्याकडं आलं. हरसुखची बोट दर वर्षी मीच रंगवायचो, मला ती तळहातासारखी पाठ. खाली निळा, वर केशरी पट्टा, नाकाडावर दोन डोळे, बाजूला नंबर. हरसुखनं नाकाडाला एका ठिकाणी पत्रा ठोकलेला होता, चार खिळ्यांचा, एक खिळा वाकडा. मी तसाच पत्रा ठोकला आणि खिळा मुद्दाम वाकडा केला. डोलकाठीला तसाच लाल बावटा. काम झाल्यावर पटेल कमरेवर हात ठेवून म्हणाले, "विरजी, हरसुख स्वतः फसेल." मी आजही सांगतो, काम उत्तम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग निघायच्या वेळी अर्धी गल्ली काही ना काही निमित्त काढून रेतीवर हजर होती. कुणी दोर गुंडाळत होतं, कुणी नुसतंच विडी ओढत होतं. मी रंगाचा डबा धुवायच्या मिषानं गेलो होतो. हेतल पदराचं टोक दातात धरून उभी होती. देवु रडली किंवा काही भलतं बोलली तर तिला तिथूनच दीवच्या गाडीत बसवायचं, म्हणून तिनं पिशवी भरून आणली होती.

मोंघी आली. तिच्या मागं दोर, दोराला पोरं. नव्या बोटीसमोर ती थांबली. रस्ता बदलता आला असता, पण तिनं बदलला नाही. तिनं विचारलं, "काल नव्हतं असं आज इथं काय आहे?"

"बोट!" सगळी पोरं ओरडली.

"कुणाची?"

"सिकोतर कृपा," एक मुलगी म्हणाली. पटेलांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मला बरं वाटलं.

तेवढ्यात जेनिलनं गाठ सोडली आणि बोटीला एक चक्कर मारली. नाक वर ओढून तो म्हणाला, "ही पाण्यातून नाही आली."

"गप रे!" लखमन खेकसला.

"नाही आली. हिच्या पोटाला शिंपले कुठं आहेत? शेवाळ कुठं आहे? त्या बघा सगळ्या घाण. ही एकटीच नवी."

आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. रांगेनं उभ्या असलेल्या बोटी, वर्षभर पाण्यात राहिलेल्या. एकेकीच्या पोटाला शिंपल्यांचे थर, हिरवं शेवाळ लोंबतंय, रंगाचे पोपडे निघालेत. आधी ते खरवडायचं, मग लाकूड वाळवायचं आणि रंग थेट पुन्हा समुद्रावर जायच्या आधी, नारळी पौर्णिमेच्या सुमाराला. आमचे आजे-पणजे हेच करत आले. त्या मळक्या बोटींच्या मधोमध माझी बोट लग्नातल्या कलवरीसारखी चकाकत होती. पन्नास खारवे तिथं उभे होते, एकाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मी तर वाकडा खिळा ठोकत बसलो होतो.

जेनिलच्या आईनं त्याला बखोटीला धरून ओढलं आणि तोंडावर हात ठेवला. सगळ्यांचे डोळे देवुकडं. हेतलच्या तोंडावरचा रंग उतरला होता.

पटेलांनी खाली वाकून गोड आवाजात विचारलं, "देवु बेटा, तू सांग. कुणाची बोट?"

देवु म्हणाली, "आमचीच आहे."

गल्लीनं श्वास सोडला. कुणीतरी टाळी वाजवली. पटेलांनी खिशातून पेपरमिट काढून तिच्या हातावर ठेवलं. हेतल तर देवाला हात जोडायला लागली. माझ्याही मनात आलं, चला, केलेलं वाया गेलं नाही.

मोंघीनं दोर नीमुबेनच्या हातात दिला, त्याही गर्दीत येऊन उभ्या होत्या. मग ती सुनेपाशी आली. ती हळू बोलली, पण मी तीन हातांवर डबा घासत होतो.

"पोरीनं बोटीकडं एकदा तरी बघितलं का?"

"बघितलं ना. आमचीच म्हणाली की."

"तुझ्या तोंडाकडं बघून म्हणाली. बोटीकडं तिनं मानसुद्धा वळवली नाही. हेतल, चार वर्षांची पोर तुला सांभाळतेय. मला दीवची धमकी दे, काय वाटेल ते कर. पण आता हे मी बघितलं, आता गप्प बसणार नाही."

मला वाटलं आता भांडण पेटणार. पण हेतलच्या हातातली पिशवी खाली पडली आणि ती रेतीत बसली. देवुला तिनं समोर घेतलं. तिनं सांगितलं ते सरळ सांगितलं. पप्पांची बोट तिकडच्यांनी धरलीय. पप्पा त्यांच्या तुरुंगात आहेत. त्यांनी चोरी केलेली नाही. येतील, पण कधी ते कुणालाच माहीत नाही. ही बोट खोटी आहे.

देवु पेपरमिट चोखत ऐकत होती. गल्ली माना खाली घालून उभी होती.

"मला माहीत आहे," देवु म्हणाली.

"कुणी सांगितलं?" हेतलनं एकदम मान वर करून सगळ्यांकडं बघितलं.

"कुणी नाही. बोटी आल्याचा भोंगा वाजला की सगळ्यांच्या मम्मी धक्क्यावर जातात. तू पण जायचीस. आता भोंगा वाजला की तू दार लावतेस."

हेतलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. देवुनं तिचा एक हात ओढून बाजूला केला, आईच्या कानाशी तोंड नेलं आणि लहान पोरं बोलतात तसं, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात म्हणाली, "पण बाला सांगू नको हं. तिला माहीत नाही. ती पप्पांचं कधी काही बोलतच नाही. तिला कळलं तर ती रडेल."

मोंघी तिच्या मागंच उभी होती. दुसऱ्यांच्या दारातली नसलेली चप्पल ओळखणारी ही बाई, तिच्या घरात तिच्यासाठी एवढीशी पोर इतके महिने तोंड शिवून बसली होती आणि हिला पत्ता नव्हता. तिनं तपकिरीची डबी कमरेला खोचायला घेतली, ती खोचली गेली नाही. मग ती तिथंच, ओल्या रेतीत, नातीच्या पाठीशी बसली.

"मला माहीत आहे गं, देवु," ती म्हणाली आणि रडायला लागली. चाळीस वर्षांत आम्ही कुणी ते बघितलं नव्हतं, आणि कुठं बघावं हे आम्हाला कळेना.

देवुनं वळून तिच्याकडं नीट बघितलं. मग आईला म्हणाली, "बघ. मी म्हटलं नव्हतं, रडेल म्हणून?"